उन्हाळ्यात रास्पबेरी पाय रखडतोय? नवा बोर्ड घ्यायच्या आधी या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास गेला की सकाळी झकास चालणारा रास्पबेरी पाय, म्हणजे एका छोट्या बोर्डवरचा कॉम्प्युटर, दुपारी रखडायला लागतो, आणि लोकं लगेच जास्त कोअरवाला (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र काम करणारा एकेक भाग) बोर्ड शोधायला निघतात. थांबा जरा. बहुतेक वेळा प्रोसेसर चांगलाच असतो, त्याला ठेवलेलं चुकीचं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे डबा. संत्र्याच्या बागेतला ठिबकचा कंट्रोलर असो की गच्चीवरचा कॅमेरा, पाणी शिरू नये म्हणून प्लास्टिकच्या बंद डब्यात कोंबतात आणि डबा भर उन्हात. रास्पबेरी पाय ४ ची चिप ८० अंशांवर गेली की स्वतःहून स्पीड कमी करते, ८५ ला अजून आवळते. आता हिशोब बघा, तुमच्या लोडवर चिप हवेपेक्षा ३५ अंश गरम राहत असेल तर डिसेंबरात २५ अंशांच्या खोलीत ती ६० वर असते, नवतप्यात ४५ च्या सावलीतच ८० वर, आणि उन्हातल्या बंद डब्यातली हवा तर त्याहून तापलेली. म्हणून मेटलचा डबा घ्या, चिप आणि डब्याच्या मध्ये थर्मल पॅड लावा, आणि डबा सावलीत टांगा. नुसता फॅन बंद डब्यात तीच गरम हवा फिरवत बसतो.

दुसरं, मोबाईलचा कुठलाही चार्जर आणि लांब बारीक केबल. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय ४ वर कमी व्होल्टेजची वॉर्निंग येते, स्पीड पडतो, कधी मेमरी कार्डच खराब होतं. टर्मिनलवर व्हीसीजेनसीएमडी ची गेट-थ्रॉटल्ड कमांड (vcgencmd get_throttled) चालवा. शून्य एक्स ५०००५ (0x50005) आलं तर व्होल्टेज आत्ता कमी आहे आणि स्पीडही आत्ता कापलाय, ५०००० आलं तर आत्ता ठीक पण चालू केल्यापासून कधीतरी दोन्ही झालंय. हे बघितल्याशिवाय काहीच विकत घेऊ नका, खरंच.

मग कोड. सेन्सर वाचायच्या लूपमध्ये स्लीप, म्हणजे मध्ये थोडं थांबायची सूचना, टाकलेला नसतो, त्यामुळे एक कोअर दिवसभर फुल पळतो. चालू कामं दाखवणाऱ्या टॉप कमांडमध्ये वरच्या ओळीत एकूण वापर फक्त २५ टक्के दिसतो म्हणून कुणाला शंकाच येत नाही, खाली प्रोसेसच्या ओळीत मात्र १०० असतात. चार कोअर असले तरी एका थ्रेडचा, म्हणजे एका वेळी एकच काम करणारा प्रोग्रॅम एकाच कोअरवर चालणार, बाकीचे तीन त्याचं ओझं उचलत नाहीत.

गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरचा स्पीड ठरवणारी सेटिंग, कायम परफॉर्मन्सवर (सगळ्यात जास्त स्पीड) ठेवू नका, आणि पॉवरसेव्हवरही नको. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात जाते, म्हणजे व्होल्टेज २० टक्के कमी केलं तर त्याच स्पीडला जवळपास ३६ टक्के वाचते, पण पॉवरसेव्ह सगळ्यात कमी स्पीडला अडकवून ठेवतो, काम लांबतं आणि तेवढा वेळ रॅम, नेटवर्क सगळं जागं राहतं. ऑनडिमांड नाहीतर शेडयुटिल ठेवा, ते कामाप्रमाणे स्पीड वर-खाली करतात.

आरके३५८८ सारख्या चिपचा आठ कोअरचा बोर्ड असेल तर ० ते ३ नंबरचे छोटे ए५५ कोअर आणि ४ ते ७ मोठे ए७६ असतात, दिवसभर चालणारं हलकं काम टास्कसेट कमांडने छोट्यांवर बांधून टाका.