मुंबईच्या गच्चीवर खरबूज: पावसाआधी गोड फळ

मुंबईत खरबूज लावताना सर्वांत आधी महिना ठरवावा. पेरणीपासून फळ पिकेपर्यंत साधारण ७५ ते ९० दिवस लागतात, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की सततच्या ओलाव्याने वेलावर केवडा रोग पसरतो व फळ पाणचट होते. म्हणून संक्रांत उलटल्यावर, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेरणी उरकावी, म्हणजे फळे एप्रिल-मेच्या कडक उन्हात भरतील.

दिवसातून किमान सहा तास थेट ऊन मिळेल अशीच जागा निवडावी. समोर टॉवर असलेल्या बाल्कनीत वेल वाढेल, पण फळाला गोडी येणार नाही. प्रत्येक वेलाला ४० लिटरची ग्रो बॅग द्यावी. ओल्या मातीने ती बरीच जड होत असल्याने सोसायटीची परवानगी घेऊन ती गच्चीच्या कडेला, भिंतीलगत ठेवावी. लाल माती, चांगले कुजलेले शेणखत आणि कोकोपीट समप्रमाणात मिसळून त्यात दोन मुठी निंबोळी पेंड घालावी. जाळीदार सालीचा आणि केशरी गराचा ‘पुसा शरबती’ हा वाण घरासाठी चांगला आहे. खरबुजाच्या मुळांना हलवाहलव सोसत नाही, त्यामुळे बी थेट बॅगेतच एक सेंटिमीटर खोल पेरावे.

रोपाला चार-पाच पाने आली की शेंडा खुडावा, कारण फळ धरणारी फुले प्रामुख्याने बाजूच्या फांद्यांवर येतात. वेल जाळीवर चढवावा.

खरी कसोटी फुलांच्या वेळी लागते. सुरुवातीची बहुतेक फुले नर असतात आणि ती गळून पडतात. त्याने धीर सोडू नये. नंतर ज्या फुलाच्या मागे, देठाच्या टोकाला, बारीक लव असलेली हिरवी गाठ दिसते, ते फळ धरणारे फूल होय. उंच इमारतींच्या गच्चीवर मधमाश्यांचा भरवसा धरता येत नाही, म्हणून सकाळी फुले नुकतीच उमललेली असताना ताजे नर फूल तोडावे, त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि मधला परागाने पिवळा झालेला भाग गाठ असलेल्या फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवावा. परागीभवन साधले तर काही दिवसांतच गाठ फुगू लागते. नाही तर ती पिवळी पडून गळते. एका वेलावर दोन, फार तर तीन फळे ठेवावीत. बाकीची जीव कठोर करून काढावीत, कारण पानांनी तयार केलेली साखर सर्व फळांत वाटली जाते.

फळ लिंबाएवढे झाले की फळमाशी अंडी घालू नये म्हणून त्यावर कागदी पिशवी बांधावी, आणि पुढे वजन वाढू लागले की जुन्या सुती कापडाची झोळी करून ते जाळीला टांगावे. पाणी सकाळी मुळाशीच द्यावे. पाने भिजली की रोग लवकर शिरतात. शेवटच्या आठवड्यात पाणी कमी केल्यास गोडी वाढते, मात्र वेल कोमेजू देऊ नये.

सालीचा हिरवेपणा जाऊन पिवळसर छटा आली, सुगंध सुटला आणि देठाभोवती बारीक चीर पडून हलक्या धक्क्यानेही फळ सुटू लागले, की ते काढावे. तोडल्यावर फळ मऊ होते, पण अधिक गोड होत नाही, त्यामुळे देठ सुटायच्या आत घाईने ओढून काढू नये.