अनेक पिढ्यांच्या जुन्या घराचे नूतनीकरण : आराखडा कसा करावा

जुन्या घराच्या नूतनीकरणाचा विषय निघाला की घरात आधी चर्चा होते ती फरशीची, रंगांची आणि नव्या स्वयंपाकघराची. ती व्हायलाच हवी, पण बरीच नंतर. ज्या घरात आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे एकत्र राहतात, त्याच्या आराखड्याला सुरुवात करण्यापूर्वी घराची आणि घरातल्या माणसांच्या वावराची, अशा दोन पाहण्या नीट झालेल्या असाव्यात.

घराची पाहणी म्हणजे मुख्यतः पाण्याचा माग काढणे. छपराचे काम काढण्याआधी भर पावसात विजेरी घेऊन माळ्यावर चढावे, कारण कोरड्या दिवसांत न दिसणारी गळती तेव्हा वाशांवरून ओघळताना दिसते. छताजवळचा डाग बहुधा छपराकडे किंवा तुंबलेल्या पन्हळीकडे बोट दाखवतो, भिंतीच्या मध्यावरचा एकटा डाग आतल्या नळाकडे, आणि जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत ओलीचा पट्टा दिसून त्यावर पांढरा लोणा फुटला असेल तर पाणी पायातून वर चढत असण्याची शक्यता मोठी असते. शंका राहिल्यास भिंतीवर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून एक-दोन दिवस ठेवावा. फॉइलच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतली असते. बाहेरच्या बाजूला जमले तर ती खोलीतल्या दमट हवेची असते आणि तेथे वॉटरप्रूफिंगपेक्षा हवा खेळती ठेवण्याचा उपाय लागतो.

येथे एक इशारा आग्रहाने द्यावासा वाटतो. चुन्यात बांधलेल्या जाड भिंतींवर सिमेंटचा गिलावा करण्याचा सल्ला हमखास मिळतो, कारण तो लवकर होतो आणि करणारे गवंडीही सहज मिळतात. चुन्याचा गिलावा आतली ओल हळूहळू बाहेर सोडतो, सिमेंट मात्र ती कोंडून ठेवते. मग ओल आणखी वर चढते आणि काही काळाने नवा गिलावा पोपडे धरून सुटू लागतो. अशा भिंतींना चुन्याचाच गिलावा करावा, आणि तो करणारा कारागीर मिळेपर्यंत थांबावे लागले तरी थांबावे.

भेगा पाहताना त्यांची फक्त रुंदी मोजून भागत नाही, त्या वाढत आहेत का हेही कळायला हवे. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी आणि काही महिने लक्ष ठेवावे. भेग रेघेपलीकडे सरकत असेल, पाच मिलिमीटरहून रुंद असेल, किंवा दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघाली असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढचे काहीही ठरवू नये. लाकडी तुळई मधल्या भागात ठणठणीत वाटते. तिची खरी परीक्षा भिंतीत शिरलेल्या टोकांशी होते. तेथे स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. ते सहज आत गेले तर लाकूड कुजले आहे किंवा वाळवीने पोखरले आहे. दोन खोल्या एक करण्यासाठी मधली भिंत काढायची असेल, तर ती वरचा भार पेलते का, याचे उत्तर गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये.

वायरिंग जुने असेल तर तुकड्यातुकड्याने बदलण्यापेक्षा पूर्ण बदलावे, अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवावा. जुने जस्ती नळ बाहेरून ठीक दिसले तरी आतून गंजून अरुंद झालेले असतात. अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असल्यास ते स्वतः कापू किंवा फोडू नयेत, आणि जुन्या रंगात शिसे असू शकते म्हणून तो कोरडा खरवडू नये.

माणसांच्या वावराची पाहणी मात्र बैठकीत होत नाही. सगळ्यांसमोर विचारले की वयस्कर मंडळी “आमचे काय, चालेल” म्हणून मोकळी होतात, आणि सुना-मुलेही बरेच काही मनात ठेवतात. म्हणून प्रत्येकाशी वेगळे बोलावे: रात्री उठल्यावर स्नानगृहापर्यंत जाताना काय आडवे येते, अभ्यासाच्या वेळी कोणाचा टीव्ही ऐकू येतो, दार लावून बसायला जागा कोणाला नाही. वृद्धांची खोली आणि तिला लागून स्नानगृह तळमजल्यावर असावे. दाराची मोकळी रुंदी ८० ते ९० सेंटिमीटर ठेवावी. उंबरठे शक्य तेथे काढावेत आणि उतार एकास बारा या प्रमाणात द्यावा, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीसाठी १.८ मीटर लांबी लागते हे नकाशातच दिसेल. स्नानगृहात आधाराचे दांडे आज नको असले तरी टाइल्स लावण्यापूर्वी त्या जागा भिंतीत भक्कम करून ठेवाव्यात.

पैशांचे बोलणे नकाशा पक्का होण्यापूर्वी उरकावे. घर कोणाच्या नावावर आहे, इतर वारसांची संमती आहे का, खर्च कोण किती करणार आणि त्या बदल्यात कोणाचा कशावर हक्क राहणार, हे कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. यात अविश्वास दाखवल्यासारखे वाटते खरे, पण अर्धवट फोडलेल्या घरात हीच चर्चा फार कडू होते. अंदाजपत्रकावर १५ ते २० टक्के रक्कम वेगळी ठेवावी, कारण जुना गिलावा उतरवल्यावर काय निघेल हे कोणताही ठेकेदार आधी सांगू शकत नाही. स्थानिक प्रशासनाची परवानगी कोणत्या कामांना लागते, हेही याच टप्प्यावर विचारून घ्यावे.

कामाचा क्रम छप्पर आणि सांडपाणी, मग पाया, भिंती व लाकूडकाम, मग ओलीचा बंदोबस्त, त्यानंतर नळ आणि वायरिंग, आणि शेवटी गिलावा, फरशी, रंग असा ठेवावा. घरात राहूनच काम करायचे असेल तर एक स्वच्छतागृह आणि स्वयंपाकाची एक जागा कायम चालू राहील अशा बेताने टप्पे पाडावेत. धूळ व आवाज सहन न होणाऱ्यांची सोय फोडकामाच्या दिवसांत दुसरीकडे करावी. ओली भिंत सुकायला महिने लागतात. रंगाची घाई करू नये.

वायर आणि नळ गिलाव्याखाली जाण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र मोजपट्टी लावून घ्यावे. ठेकेदाराची शेवटची काही रक्कम पहिला मोठा पाऊस पडून जाईपर्यंत राखून ठेवायची असल्यास ती अट करारातच घालावी, कारण काम संपल्यावर ती कोणी मान्य करत नाही.