परदेशातून पैसे मागवताना कोडचं पाचवं अक्षर बघा

मुलगा जर्मनीतून पैसे पाठवणार म्हणून घरचे पासबुकावरचा आयएफएससी (देशातल्या देशात पैसे पाठवायचा शाखेचा कोड) कळवून मोकळे होतात, आणि ट्रान्सफर अडकते. तिकडच्या बँकेला हवा असतो स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारात बँक ओळखायचा कोड, ज्याला बीआयसीही म्हणतात. आयएफएससी ११ अक्षरी, स्विफ्टही ८ किंवा ११ अक्षरी, त्यामुळे गल्लत सहज होते.

ओळखायची सोपी खूण: पाचव्या जागी शून्य असेल तर तो आयएफएससी. पाचवं-सहावं अक्षर ‘आय-एन’ असेल तर तो भारतातल्या बँकेचा स्विफ्ट.

१. आपल्या शाखेला स्विफ्ट कोड आहे का, ते शाखेतच विचारा. तालुक्याच्या बऱ्याच शाखांना तो नसतो. मग बँक सांगेल त्या मोठ्या शाखेचा वापरायचा.
२. अशा वेळी आपल्या शाखेचं नाव आणि आयएफएससी संदेशाच्या रकान्यात जरूर लिहायला सांगा. पैसे नेमक्या खात्यापर्यंत पोचायला त्याचा फार उपयोग होतो.
३. फॉर्ममध्ये आयबॅन (युरोपात वापरतात तो आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) मागितला तर गोंधळू नका. भारतात आयबॅन नाही, नुसता खाते क्रमांक द्यायचा.

कोड गूगलवरून उचलू नका. जुन्या याद्यांत विलीन झालेल्या बँकांचे कोड अजून सापडतात.