वेळासला कॅम्परव्हॅन घेऊन मुक्काम करायचाय? मग असं करा

कासवांची पिल्लं बाहेर येण्याच्या सीझनला रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला यायचं आणि गाडी कुठे लावायची ते पोचल्यावर बघू, असं कॅम्परव्हॅनवाल्यांनी अजिबात करू नका. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव, वाडीतले रस्ते अरुंद, बाजूला चिऱ्याचे गडगे म्हणजे दगडी कुंपणं, समोरून एसटी आली तर मागे घ्यायलाही जागा मिळत नाही.

म्हणून आधी फोन. गावात घरगुती राहण्याजेवणाची सोय करणारे बरेच आहेत, त्यांच्यापैकी एकाला गाडीची लांबी-उंची फुटात सांगा आणि बेड्यातून (अंगणाच्या फाटकातून) आत येईल का, वर वायर किती खाली आहे ते विचारा. जेवणही त्यांच्याकडेच सांगा. गाडीत किचन असलं तरी त्यांच्या अंगणात गाडी लावून आत मॅगी शिजवणं मला बरोबर वाटत नाही.

रायगड जिल्ह्याकडून येत असाल तर बागमांडला-वेशवी फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडायची. पार ओहोटी असली की रॅम्पचा उतार जास्त होतो आणि लांब गाडीची शेपटी टेकते, आमचा मागचा बंपर एकदा असाच घासला, तेव्हापासून आम्ही भरतीच्या आसपासची फेरी धरतो आणि चढवताना बाकीच्यांना खाली उतरवतो. पुढे बाणकोट लागतं. तिथला किल्ला इंग्रजांनी अठराव्या शतकात घेऊन फोर्ट व्हिक्टोरिया केला, बघायचा असेल तर गाडी खाली लावून चालत जा.

अंगणात गाडी माडाखाली लावायची नाही. नारळ राहू दे, सुकलेली झावळी पडली तरी सोलर पॅनल फुटेल. शिमगा असेल तर पालखी कुठून जाते तेही विचारून घ्या, त्या वाटेवर गाडी नको.

आता टॉयलेटची टाकी, सगळ्यात महत्त्वाचं हेच. ती येण्याआधीच रिकामी करून या आणि भरली तर तशीच बंद करून परत न्या, पऱ्यात (ओढ्यात) किंवा बागेत कुठेही ओतायची नाही, कारण इथला जांभा दगड सच्छिद्र, वर ओतलेलं झिरपत खाली जातं आणि विहिरी तर घराघराला आहेत, तेच पाणी सगळे पितात. मालक म्हणाले आमच्या शोषखड्ड्यात ओता तरी टाकीत टॉयलेटचं निळं केमिकल वापरलं असेल तर नको, त्याने मैला कुजवणारे जिवाणू मरतात. भांड्यांचं पाणी बादलीत धरा, साबण कमी वापरा, आणि मालकांना विचारून मगच बागेत घाला. उन्हाळ्यात विहीर खाली जाते, त्यामुळे तुमची शंभर लिटरची टाकी तिथे भरून मागू नका, भरूनच या.

रात्री गाडी किनाऱ्यावर न्यायची नाही, सुरूच्या बनातसुद्धा नाही. कासवाची मादी अंधारात अंडी घालायला वर येते, उजेड दिसला तर तशीच परत फिरते, आणि पिल्लं उजेडाच्या दिशेनेच चालतात, त्यांच्यासाठी तो उजेड म्हणजे समुद्र. तुमच्या गाडीचा दिवा दिसला तर पिल्लू उलटं जमिनीकडे चालत राहतं आणि सुकून मरतं, एवढ्याशा दिव्याने काय होतंय असं खरंच म्हणू नका. अंगणातसुद्धा बाहेरची एलईडी पट्टी बंद ठेवा, आत पडदे ओढून एक दिवा पुरतो.

पहाटे अलार्म लावून उठा आणि पिल्लं समुद्रात सोडताना बघायला चालतच जा, फ्लॅश बंद करून.