चटणीचे कौतुक वेगळे, चटणीचे गिऱ्हाईक वेगळे

घरगुती मसाल्याच्या धंद्यात नव्याने उतरणाऱ्याला जो तो सांगतो की सातत्य ठेवा, रोज काहीतरी टाकत राहा, गिऱ्हाईक आपोआप येईल. कोल्हापुरात कांदा-लसूण मसाला विकताना मी हे सातत्य इमानेइतबारे पाळले. रील केली, सणासुदीच्या शुभेच्छा टाकल्या, प्रदर्शनांत स्टॉल लावले, तरी विक्री ओळखीपाळखीच्या पलीकडे फारशी सरकेना. अन्नपरवान्याचा १४ अंकी क्रमांक, पाकिटावरचे वजन, तारीख या गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असे धरून मी थेट त्या एका ठिकाणाबद्दल लिहितो, जिथे माझी सगळी मेहनत मुरत होती.

आमच्याकडे या मसाल्याला सरळ चटणीच म्हणतात, आणि ती विकत आणण्याची वस्तू मानली जात नाही. मार्च ते मे या काळात गच्चीवर मिरची वाळत पडते. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी लवंगी किंवा संकेश्वरी, त्यात सुके खोबरे, तीळ, धणे, लसूण असा जमाव जमवून लोक कांडप यंत्रावर रांग लावतात आणि वर्षाची बेगमी करून मोकळे होतात. अशा गावात मी चटणीची जाहिरात करत होतो. पोस्टखालचे बूस्टचे, म्हणजे पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवण्याचे, बटण दाबताना ॲपने पुढे केलेला शहराभोवतीचा परिसर तसाच ठेवला, आणि हेतू म्हणून लोकांचा प्रतिसाद वाढवणे निवडले. प्रतिसाद तर धो धो आला. ‘एक नंबर’, ‘आज्जीची आठवण आली’, ‘आमच्याकडं खोबरं जरा जास्त घालतात’ अशा प्रतिक्रिया वाचून कोणाचेही मन भरून येईल. मात्र असे लिहिणाऱ्या बहुतेकांच्या घरी चटणीची बरणी भरलेली होती.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. जाहिरातीला तुम्ही जो हेतू देता, तो पुरा करण्याची शक्यता ज्यांच्याकडून जास्त, अशी माणसे ॲपची यंत्रणा शोधत जाते. प्रतिसाद मागितला तर प्रतिसाद देणारी माणसे मिळतात; ती विकत घेतील की नाही याचा विचार करण्याची जबाबदारी तिच्यावर टाकलेलीच नसते. वर ज्यांना चटणीतले कळते, तेच आवडीने प्रतिक्रिया देतात, आणि ज्यांना कळते ते घरीच करतात. त्यामुळे पोस्ट जितकी सुरेख, तितकी ती न घेणाऱ्यांत जास्त फिरत राहते. गिऱ्हाईक होते ते पुण्यात, मुंबईत, ठाण्यात: दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणारे, मिरची वाळवायला गच्ची नसलेले, गावाकडून आलेला डबा संपल्यावर अडलेले कोल्हापूर-सांगलीकडचे लोक. त्यांच्यापर्यंत मी पोचतच नव्हतो.

आता हिशेब पाहा. समजा, अर्धा किलोच्या पाकिटावर मिरची, कांडप, पॅकिंग आणि कुरिअर जाऊन तुमच्या हाती ९० रुपये उरतात. १,००० रुपयांच्या जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी धरला की १,१८० रुपये जातात, आणि तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी नसेल तर त्यातला रुपयाही वळता करून घेता येत नाही. म्हणजे १४ पाकिटे विकली गेली तरच त्या जाहिरातीचा खर्च भरून निघतो, आणि तुमच्या मजुरीचा विचार त्यानंतर करायचा. हे आकडे स्वतःच्या मालाचे घालून वहीत मांडल्याशिवाय जाहिरातीवर एक पैसाही खर्च करू नका, असे मी अगदी निक्षून सांगेन.

म्हणून घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. चौघांच्या कोल्हापुरी वळणाच्या घरात अर्धा किलो चटणी महिना-दीड महिन्यात संपते, आणि तेच गिऱ्हाईक परत आले तर पुढच्या पाकिटावर जाहिरातीचा खर्च पडत नाही. धंदा उभा राहतो तो या परतीच्या ऑर्डरवर. आणि इथेच दुसरी एक अडचण आहे, जी मला कोणत्याही वर्गात कोणी सांगितली नाही: व्हॉट्सॲपच्या साध्या ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश एकदम अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याच्या यादीत, २५६ जण बसतात हे सगळ्यांना माहीत असते, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे, त्यांनाच तो संदेश जातो. ‘नवी चटणी तयार आहे’ हा माझा संदेश जुन्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जणांना मिळालाच नव्हता, आणि त्यांना आता चव आवडत नसावी असे मी धरून चाललो होतो. पाठवलेला संदेश दाबून धरून त्याची माहिती उघडली की तो कोणाकोणाला पोचला ते नावानिशी दिसते. स्टेटसचेही तसेच आहे. समोरच्याने नंबर सेव्ह केला नसेल तर ते त्याला दिसत नाही.

यावर उपाय साधा आहे. पहिली ऑर्डर पक्की करताना फोनवरच म्हणावे, ‘वहिनी, नंबर तेवढा सेव्ह करून ठेवा, पार्सल निघाले की कळवतो.’ लोक ‘चटणीवाले’ म्हणून सेव्ह करतात. तुमच्या ब्रँडचे नाव त्यांच्या लक्षात राहिले नाही तरी काही बिघडत नाही.

मार्गदर्शकांविषयी माझे मत थोडे कडवट आहे आणि ते तसेच राहू द्यावे. ज्याने स्वतः कधी तेल सुटलेले पार्सल बदलून दिलेले नाही, त्याच्याकडून ‘ब्रँड कसा घडवावा’ हे ऐकण्यासाठी पैसे मोजू नयेत. माझ्या ओळखीतल्या कांडप चालवणाऱ्या मावशींनी चहा पिता पिता एवढेच विचारले होते, ‘कोल्हापुरात कोण घेणार तुझी चटणी?’ लोगो लावलेल्या सणांच्या शुभेच्छा तर खुशाल बंद करा. त्यावर जाणारी संध्याकाळ जुन्या पाच गिऱ्हाइकांना फोन करण्यात घालवली तरी एखादी ऑर्डर निघते.

नव्याने सुरुवात करत असाल तर एका वहीत चारच रकाने आखा: विचारणा कोणत्या गावाहून आली, त्या माणसाला आपला पत्ता कोणाकडून लागला, माल घेतला की नाही, आणि घेतला असेल तर साधारण कधी संपेल. शेवटच्या रकान्यातली तारीख आठवड्यावर आली की त्या घरी एकेकटा, नाव घालून संदेश पाठवा. पैसे देऊन जाहिरात करायचीच असेल तर या वहीत पुणे-मुंबईची नावे जमू लागल्यावर त्याच शहरांपुरती करा, हेतू म्हणून संदेश येणे निवडा, आणि आलेल्या संदेशाला त्याच दिवशी दर, वजन आणि कुरिअरचा खर्च एकत्र कळवा.