काटा चाळीसवर, मग सिलिंडरमध्ये ऑक्सिजन किती?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये बाबा ऑक्सिजन सिलिंडरवरच्या, दाब दाखवणाऱ्या गेजकडे बोट दाखवून विचारायचे, "काटा चाळीस बारवर आलाय, आता आत किती किलो राहिलाय?" मी तेव्हा पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला होतो. पीव्ही बरोबर एनआरटी (दाब × आकारमान = मोल × स्थिरांक × तापमान) हे आदर्श वायूचं समीकरण तोंडपाठ होतं, पण उत्तर देता आलं नाही. ती रुखरुख अजून आहे. आज शहापुरात पीयूसीच्या मुलांना रसायन शिकवताना मी सुरुवात त्याच सिलिंडरपासून करतो. खानापूर-निपाणीकडून मराठी माध्यमातून आलेली मुलं सूत्र झटकन म्हणतात, अडतात ती आकडे घालताना.

मोल म्हणजे ग्रॅममधलं वस्तुमान भागिले मोलर वस्तुमान (एका मोलचे ग्रॅम). ते समीकरणात घातलं की मिळतं:

वस्तुमान = (दाब × आकारमान × मोलर वस्तुमान) ÷ (स्थिरांक × तापमान)

आमच्या सिलिंडरचं आकारमान ४६.७ लिटर. ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा, म्हणून मोलर वस्तुमान ३२ घ्यायचं, १६ नाही. दाब बार या एककात आणि आकारमान लिटरमध्ये असेल तर स्थिरांक ०.०८३१४. पुस्तकातला ८.३१४ हवा असेल तर दाब पास्कलमध्ये आणि आकारमान घनमीटरमध्ये करा. दोन्हींची सरमिसळ केली की गणित फसलंच.

आता तापमान. शेडमध्ये ३२ अंश सेल्सिअस, म्हणजे २७३ मिळवून ३०५ केल्विन; समीकरणात केल्विनच घालायचे. एका मुलीनं सरळ ३२ घातले आणि उत्तर आलं २३ किलो. मी तिला एवढंच विचारलं, "१५० बारला गच्च भरलेल्या सिलिंडरमध्ये नऊ-साडेनऊ किलो मावतो, मग हा २३ कुठून आला?" तिनं स्वतःच चूक शोधली. उत्तर शक्य आहे का, हे असं दर वेळी ताडून बघा.

दाबाची चूक मात्र सहज दिसत नाही. गेज बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो, समीकरणाला पूर्ण दाब लागतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर, त्यामुळे इथली हवा साधारण ०.९२ बारनं दाबते. पूर्ण दाब झाला ४०.९२.

४०.९२ × ४६.७ × ३२ ÷ (०.०८३१४ × ३०५) = सुमारे २,४१० ग्रॅम.

काटा शून्यावर आला तरी त्याच सिलिंडरमध्ये चोपन्न ग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन उरतोच.

उंचीचा फरक किरकोळ वाटत असेल, तर आमच्या वर्गातली हवा मोजा. खोली ५ मीटर लांब, ४ रुंद, ३ उंच. तापमान २५ अंश, हवेचं सरासरी मोलर वस्तुमान २९. ०.९२ बार धरला तर हवा सुमारे ६५ किलो भरते, पुस्तकातला १.०१३ धरला तर ७१. मुलांना आधी आश्चर्य वाटतं ते हवेला इतकं वजन आहे याचंच!

घरच्या गॅसला हे समीकरण लावू नका. त्यात बहुतेक गॅस द्रवरूपात असतो आणि द्रव संपेपर्यंत दाब जवळजवळ तोच राहतो. तिथे वजनकाटाच खरा. ऑक्सिजनही १५० बारला आदर्श वायूसारखा वागत नाही, प्रत्यक्षात हिशोबापेक्षा थोडा जास्त मावतो. चाळीस बारला हा फरक फारच कमी.

उत्तर पडताळायचं तर सिलिंडरच्या खांद्यावर रिकाम्याचं वजन कोरलेलं असतं. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि तेवढं वजा करा. रेग्युलेटर आधी काढा, आणि हात तेलकट असतील तर व्हॉल्व्हला लावू नका.