अंगणातल्या छोट्या तळ्यातलं शेवाळ कसं आटोक्यात ठेवायचं

होळी झाली की आमच्या जळगावकडं ऊन असं चटकायला लागतं की बास, आणि नेमकं तेव्हाच परसातल्या कडुनिंबाची पानगळ चालू असते, ती सगळी पानं तळ्यात, मग पंधरा दिवसात पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं. पहिल्या वर्षी मी काय केलं, सगळं तळं उपसलं, खराट्यानं घासघासून चकाचक केलं, बोअरचं नवं पाणी भरलं आणि दोन आठवड्यात पुन्हा तेच, उलट जास्तच हिरवं! घासताना घाण खाणारे चांगले बॅक्टेरियापण निघून गेले होते आणि ते परत बसायला महिना-दीड महिना लागतो, हे तेव्हा कुठं माहीत होतं. शेवाळाला जगायला ऊन आणि पाण्यातलं खत एवढंच लागतं, म्हणून मारण्यापेक्षा त्याची उपासमार करायची.

आधी एका काचेच्या ग्लासात तळ्याचं पाणी घेऊन बघा. ग्लासातलं पाणीच हिरवं दिसलं तर ते तरंगणारं बारीक शेवाळ, जाळीनं निघत नाही. पाणी स्वच्छ पण तळ्यात केसासारखे धागे असतील तर ते तंतू शेवाळ, हे हातानं काढायचं. त्याला बेस्ट औजार म्हणजे वाळलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड, तिच्या बारीक फांद्यांत धागे असे अडकतात की शेवई गुंडाळल्यासारखं गोल गोल फिरवलं की झालं. निघालेलं शेवाळ केळीच्या नाहीतर अळूच्या बुडाशी टाका, तळ्याच्या काठावर ठेवू नका, सडून पुन्हा आतच जातं. भिंतीवरचा हिरवा पातळ थर मात्र राहू द्या, मासे तो कुरतडतात.

मग खत बंद करायचं. पानगळीत तळ्यावर जुनी जाळी टाका, आणि माशांना दोन-तीन मिनिटात संपेल एवढंच खाणं द्या. पाहुणे आले की पोरं मुठीमुठीनं टाकतात ना, ते उरलेलं खाणं तळाशी सडतं आणि शेवाळाची पंगत बसते. झाडांना दिलेलं युरिया-शेणखत पावसात वाहून तळ्यात येत असेल तर काठ चार बोटं उंच करून घ्या.

सावली नसेल तर बाकी सगळं वाया. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, त्यामुळं नर्सरीवाल्याकडची 50 टक्केवाली हिरवी शेडनेट पश्चिमेच्या बाजूनं बांधा, दुपारचं ऊन अडलं पाहिजे. आणि कमळ, कुमुदिनी लावा, निम्मं-पाऊण पाणी पानांनी झाकलं गेलं की ऊनही अडतं आणि पाण्यातलं खतही तीच झाडं ओढून घेतात. जलपर्णीही हे काम झकास करते पण ती भसाभस वाढते, दर आठवड्याला उपसावी लागते, आणि उपसलेली चुकूनसुद्धा नाल्यात किंवा गिरणा-तापीत टाकू नका भाऊ, वाळवून खड्ड्यातच.

पाणी फिरतं ठेवायला महागडी मशीन नको, कूलरचा पंप चालतो. आमचं तळं 6 फूट लांब, 4 रुंद, 2 खोल, म्हणजे साधारण 1350 लिटर, एवढं पाणी दोन तासात एकदा तरी फिरेल असा पंप बघा, किती लिटरचा आहे ते बहुतेक त्याच्यावरच लिहिलेलं असतं. त्याचं पाणी खडी आणि स्पंज भरलेल्या बादलीतून परत तळ्यात सोडा. स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही, क्लोरिननं बॅक्टेरिया मरतात. आणि हात पाण्यात घालायच्या आधी प्लग काढा, कूलरचा शॉक काय असतो ते आपल्याकडं कुणाला सांगायला नको.

उन्हाळ्यात पाणी उडतं पण त्यातले क्षार मागंच राहतात, त्यामुळं नुसती भर घालत बसू नका. आठवड्याला दहा-पंधरा टक्के जुनं पाणी काढून झाडांना घाला, मग नवं भरा. नळाचं असेल तर एक दिवस ड्रममध्ये उघडं ठेवून.

दुकानात कुणी मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका म्हणेल. मासे असतील तर अजिबात टाकू नका. शेवाळ मरतं खरं पण मासे, गोगलगायीपण मरतात, आणि सगळं शेवाळ एकदम मेलं की ते सडताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. गरम पाण्यात तो मुळातच कमी असतो, त्यात रात्री शेवाळही तोच ऑक्सिजन वापरतं. म्हणून हातानं काढतानाही एका दिवशी सगळं ओढू नका, थोडं थोडं काढा. पहाटे मासे वर तोंड काढून गप गप करताना दिसले तर पहिलं काम पंप चालू करा, आणि उन्हाळाभर तो रात्रीपण बंद करू नका, लाइट बिल थोडं वाढेल तेवढं सोसा.

एवढं सगळं करून पाणी निवळायला महिनाभर लागतो. मधे एखादा आठवडा उलट जास्त हिरवं दिसेल, तेव्हा उपसायची लई इच्छा होते, उपसू नका.